शिव्यांवर वाढणारे करंज

चोरी करण्याचे रीतसर आमंत्रण मला आयुष्यात एकदाच आले, आणि तेही निवृत्तीनंतर, म्हणजे चारित्र्याचे दाखले देण्याघेण्याचे वय उलटून गेल्यावर. आमंत्रण देणारी सुरेखा काही वर्षे आमच्या कऱ्हाडच्या शाळेत गणित शिकवीत होती. पुढे माहेरच्या ओढीने ती भिवंडीच्या शाळेत गेली. तिचा फोन आला.

"बाई, आषाढ सरता सरता या. आमच्या गावात झाड लावायचा सण असतो. शाळेत तुम्ही लावून घ्यायचात तसाच. आमच्याकडे झाड तेवढं चोरून आणतात."

शाळेतले वृक्षारोपण भूगोलाची शिक्षिका म्हणून माझ्याकडे असे. त्याचा क्रम ठरलेला होता. पाहुण्यांच्या हाती झारी द्यायची, छायाचित्र काढायचे, झारी पुसून कपाटात ठेवायची. ती झारी अजून उत्तम स्थितीत आहे. झाडांविषयी तसे म्हणता येणार नाही. तेव्हा जिथे हा उद्योग भाषणांवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, ते ठिकाण पाहणे माझे कर्तव्यच होते.

गावांची नावे मी देत नाही. मामला चोरीचा आहे. मानकोली नाक्यावरून आत वळून खाडीच्या दिशेने गेले की दोन गावे एका ओहोळाच्या दोन बाजूंना लागतात. अलीकडचे गाव चोरांचे आणि पलीकडचे फिर्यादींचे, एवढे वाचकांनी लक्षात ठेवले तरी पुरे.

निजामपुरा

सुरेखाचे बिऱ्हाड निजामपुऱ्यात आहे. गल्ली इतकी अरुंद, की समोरून हातगाडी आली तर पाहुण्याने कोणाच्या तरी घरात शिरून वाट द्यावी, आणि घरच्यांनी त्याला पाणी विचारावे. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. त्यांचा खडखडाट कानांवर पडतो असे म्हणणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तो तळपायांतून वर चढतो.

शेजारच्या लूमवर काम करणारे एक आझमगढचे गृहस्थ शिफ्ट संपवून दारात बसले होते. मी विचारले, "इस आवाज में आप सोते कैसे हैं?" माझे हिंदी व्याकरणशुद्ध आहे आणि म्हणून कोणाला पटकन कळत नाही.

"सोते तो आराम से हैं, मैडम," ते म्हणाले. "लाइट जाती है, लूम बंद होता है, तब सब घबरा के उठ बैठते हैं।"

संध्याकाळी सुरेखाने वाईट बातमी दिली. सण उद्या नव्हता. गावातल्या शेवटच्या घराची भातलावणी आटोपली की दुसऱ्या दिवशी झाड लावायचे असा दंडक, आणि एका घराची लावणी अडली होती. आता गावातल्या बहुतेक शेतांवर गोदामे उभी आहेत. पण सणाला दिवस हवा म्हणून काही घरांनी अंगणाएवढी भातखाचरे मुद्दाम राखून ठेवली आहेत. त्या अंगणाएवढ्या खाचरात रोपे लावायला माणसे मिळेनात, कारण सारी माणसे गोदामात ड्युटीवर होती.

वज्रेश्वरी

मोकळा दिवस मिळाला म्हणून आम्ही एसटीने वज्रेश्वरीला गेलो. देवीचे आणि गरम पाण्याच्या कुंडांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मी माझ्यापुरती एवढीच भर घालते, की कुंडाची उष्णता अजमावण्यासाठी आधी बोट बुडवावे. मी विद्यार्थ्यांना हे आयुष्यभर सांगत आले आणि स्वतः मात्र संपूर्ण पाऊल बुडवले. शेजारच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलेल्या एका बाईंनी माझ्याकडे करुणेने पाहिले.

"पयल्यांदाच आलाव?"

"हो."

"मंग ओरडा. लाजू नका. सगलीच ओरडतात."

मी ओरडले. बरे वाटले.

परतीच्या गाडीत, मी लाल झालेले पाऊल वर घेऊन बसले असताना, सुरेखाने मला सणाचे नियम सांगितले आणि त्यामागची चिंताही. रोप करंजाचेच हवे. ते पलीकडच्या गावातून, भर दिवसा, मालकिणीच्या डोळ्यांदेखत चोरायचे. मालकिणीने चोरांच्या मागे ओहोळापर्यंत धावत शिव्या द्यायच्या. शिव्या खाल्लेले रोपच जगते. ते खाडीच्या बांधालगतच्या गावकीच्या पट्टीवर लावायचे. तिथे करंजांची रांगच आहे, आणि प्रत्येक झाड ज्या घराच्या पाळीत लागले त्या घराच्या नावाने ओळखले जाते. यंदाची पाळी सुरेखाच्या वडिलांची, नामदेवदादांची होती.

चोरलेले रोप चांगले लागते ही समजूत आमच्याकडेही आहे. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बागा तिच्यावर उभ्या आहेत. शिव्याही आम्हाला नव्या नाहीत. साताऱ्याकडे दोन गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून वर्षातून एकदा एकमेकींचा उद्धार करतात. परंतु त्या काही लावत नाहीत. शिवीचा खतासारखा उपयोग मी प्रथमच ऐकत होते.

"मग अडचण काय?" मी विचारले.

"अडचण सखूमावशी आहे," सुरेखा म्हणाली.

पलीकडच्या गावात झाडाझुडपांची वाडी अशी आता सखूमावशींचीच उरली आहे. तेव्हा चोरी त्यांच्याकडेच होते. त्या दरवर्षी तेलाच्या जुन्या डब्यात एक करंज वाढवतात, कुंपणाला एक भगदाड राखतात आणि चोरांची वाट पाहतात. त्यांच्या जिभेची कीर्ती मोठी. पण दोन वर्षांपूर्वी त्या सत्संगाला जाऊ लागल्या आणि त्यांनी नेम घेतला: तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही. गेल्या साली चोर रोप घेऊन पळाले तेव्हा त्या ओट्यावरून म्हणाल्या, "न्या बाबांनो, सुखी ऱ्हावा." दिवाळीच्या आत रोप वाळून गेले.

"आशीर्वादाने मेलं, असं गाव म्हणतं," सुरेखा म्हणाली. "आणि किशोरकाकांना तेच हवं आहे."

हे किशोरशेठ म्हणजे नामदेवदादांचे चुलतभाऊ. त्यांचे ट्रक आहेत, आणि गोदामांच्या गल्लीत ट्रक वळवायला जागा नाही. जागा आहे ती करंजांच्या पट्टीवर. त्यांनी गावकीत प्रश्न मांडला, की ज्या सणाचे झाड जगत नाही तो सण कशाला. गावकीने ठरवले: यंदाही शिव्यांवाचून झाड आले तर सण संपला असे धरायचे आणि पट्टी मोकळी करून ट्रकांना द्यायची.

"बाबांची स्वतःची दोन गोदामं आहेत," सुरेखा म्हणाली. "ट्रक त्यांनाही हवेत. पण आमच्या पाळीत सण बुडाला हे त्यांना सोसणार नाही. जेवत नाहीत धड."

अलीकडचे गाव

धड जेवत नसलेल्या नामदेवदादांनी माझ्यासमोर तांदळाच्या तीन भाकरी आणि बोंबलाचे कालवण संपवले. आम्ही ज्वारीची माणसे. तांदळाची भाकरी पांढरीशुभ्र, मऊ आणि लवचीक असते, हे मला एखाद्या शिस्तप्रिय मुलीने अचानक नाच करावा तसे वाटले. कालवणाच्या पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा सुरेखाच्या आईने आणखी वाढले. रडणाऱ्या माणसाला जास्त वाढायचे असा तिथला रिवाज असावा.

लावणी आदल्या दिवशी एकदाची आटोपली होती. मी वही काढून सणाच्या उगमाविषयी विचारले.

"आमची गावदेवी आनि त्यांची गावदेवी भैनी भैनी," नामदेवदादा सांगू लागले. "आमचीनं थोरलीकडं झार मागितलं. थोरली न्हाय बोलली. मंग आमचीनं उचललं."

"देवीने चोरी केली?"

"भैनीचं उचललं. त्याला काय चोरी बोलतात?"

"मग सणात चोरी का म्हणता?"

"थोरली तसं बोलली म्हनून." असे म्हणून ते पान लावू लागले.

पलीकडच्या गावाचे मत मी सकाळीच पानाच्या टपरीवर ऐकले होते. त्यात देवी नव्हत्या. अलीकडचे लोक पूर्वीपासून चोर आहेत आणि सण हे निमित्त, एवढेच ते मत होते. दोन्ही पक्षांची मांडणी ऐकून मी भूगोलाच्या आधारे तिसरी देते. अलीकडचे गाव सखल, खाडीला चिकटलेले. खारे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध घातलेला. बांधाची माती धरून ठेवायला मुळे लागतात, आणि करंजाला खारी हवा सोसते. पण सखल गावात रोपे धरत नसणार. ती पलीकडच्या उंचवट्यावर सहज होत असणार. भांडण असलेल्या शेजाऱ्याकडे मागणे जमले नसेल तेव्हा उचलून आणली असतील. पुढे भांडण मिटले आणि उचलणे राहिले. माझे हे विवेचन नामदेवदादांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजे उचलली हे तुमीपन बोलता," ते म्हणाले.

सण टिकला कसा, हे मात्र मला विवेचनाशिवाय कळले. चोरांकडे उत्साह दरवर्षी असतोच. पण एक बाई आपले रोप चोरीला जावे म्हणून वर्षभर पाणी घालते, उन्हात डबा सावलीला सरकवते आणि कुंपण मुद्दाम दुरुस्त करत नाही. सण तिच्या अंगणात टिकला होता.

ओहोळापलीकडे

चोरी जेवणानंतर ठरली होती. रात्री का नाही, असे मी विचारले.

"रातीला कोन बघील?" नामदेवदादा म्हणाले.

चोरांबरोबर बँजोपार्टी होती. लहानमोठे पन्नासेक चोर, मध्ये मी, उजवे पाऊल चपलेत नीट मावत नसल्यामुळे लंगडत. किशोरशेठ पांढरा सफारी घालून आमच्या मागून गाडीने येत होते. त्यांना सारे पाहायचे होते.

सखूमावशी ओट्यावर बसल्या होत्या. बारीक, काटक बाई. काष्ट्याचे लुगडे, कपाळाला गंध, पुढ्यात चहाची किटली. बँजो थांबताच त्या म्हणाल्या, "या, बसा. रोप तिकडं ठेवलंय. माती वली करून ठेवलीय, हलक्या हातानं न्या."

नामदेवदादांचा चेहरा पडला. तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. "मावशे, तुझ्या वाडीत आता काय राह्यलंय? कुंपन हाय का चालन?"

"खरं हाय बाला. जुनं झालं."

नामदेवदादांनी कुंपणाचा एक खांब उपटून बाजूला टाकला. "हा बग, उपटला."

"वालवी लागलीच व्हती. बरं केलंस."

एका चोराने अंगणात वाळत घातलेल्या सुकटीची मूठ भरून खिशात टाकली. मावशींनी त्याला जवळ बोलावले. "वंजलभर घे रं, कागदात बांधून. खिशाला वास मारंल."

मागून किशोरशेठ म्हणाले, "बगा, समद्यांनी आयकलं. आशीर्वाद मिलाला. आता झार लावा न्हायतर पुरा, एकच गोष्ट."

नामदेवदादा डब्यापाशी उभे होते. रोप हात-दीड हात उंच, पाने तुकतुकीत, नुकतीच पुसल्यासारखी. त्यांना ते उचलवेना. शिव्यांवाचून उचलले की सण संपणार, आणि न उचलले तरी संपणार. सुरेखा माझ्याकडे पाहत होती, जणू माझ्याकडे उत्तरसूची असावी.

मला ती शांतता सहन होईना. दुसऱ्याच्या अंगणात पन्नास माणसे उभी आहेत, मालकीण चहा ओतते आहे आणि सगळे तिची वस्तू घेण्याच्या बेतात आहेत, हे दृश्य माझ्या शिस्तीत बसत नव्हते. दुसऱ्याची फूटपट्टीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे मी मुलांना इतक्या वेळा सांगितले आहे, की ते वाक्य माझ्या तोंडातून आपोआपच निघते. मी ओट्यापाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, "मावशी, आम्ही हे रोप नेऊ का?"

बँजोवाल्याच्या हातून एक तार उगीचच वाजली आणि थांबली. सुरेखाने डोळ्यांवर हात ठेवला.

सखूमावशींनी किटली खाली ठेवली. "काय बोलली?"

ऐकू आले नसावे असे समजून मी तेच वाक्य पुन्हा, अधिक सावकाश आणि 'कृपया' घालून म्हटले.

"मागतंस?" त्या उठल्या. "माझ्या दारात येऊन झार मागतंस? माझ्या सासूनं चोर बगितलं, मी चोर बगितलं. ह्या अंगनात भिकारी कदी उभा न्हाय राह्यला." त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. "नाम्या, ही भिकारीन तू आनलीस? तुझ्या बापानं ह्या कुंपनावरून उडी मारताना धोतर फारलं, पन मागितलं न्हाय. आनि तू बाई फुडं करून भीक मागतंस? मेल्या, तुझ्या हाताला वालवी लागो."

मग नामदेवदादांनी डबा उचलला आणि ते धावत सुटले.

मोरीवर

मी इतक्या आनंदाने शिव्या खाणारा समुदाय पूर्वी पाहिला नव्हता. पन्नास माणसे रस्त्याने पळत होती, बँजो पळत पळत वाजत होता आणि मागून सखूमावशी, पदर खोचून. मी लंगडत असल्यामुळे सर्वांत मागे, म्हणजे त्यांच्या अगदी पुढ्यात राहिले आणि पुष्कळसा प्रसाद मला प्रत्यक्ष मिळाला. त्यातले छापण्याजोगे तेवढे येथे देते. माझ्या घरी सून यावी आणि ती माझ्यासारखी निघावी. माझ्या जिभेला खडूची चव लागावी. नामदेवदादांना घरजावई मिळावा आणि त्याने दिवसभर टीव्ही पाहावा. त्यांच्या गोदामाला भाडेकरी न मिळो, आणि मिळालाच तर तो भाडे न देवो. या शिवीला मात्र नामदेवदादा पळता पळता अडखळले.

ओहोळावर एक मोरी, म्हणजे ठेंगणा पूल, आहे. मालकिणीने तिच्या अलीकडे पाय ठेवायचा नाही. सखूमावशी मोरीच्या काठावर थांबल्या. पट्टी तिथून हाकेच्या अंतरावर, बांधाला लागून. नामदेवदादांनी आधीच खणलेल्या खड्ड्यात रोप उतरवले आणि हाताने माती लोटू लागले. खड्डा भरेपर्यंत शिव्या चालू राहिल्या पाहिजेत, त्या अर्ध्यावर सोडल्या तर फुकट, असे सुरेखाने मला धापा टाकत सांगितले.

एवढ्यात किशोरशेठ गाडीतून उतरले. "हे चालनार न्हाय. पयली शिवी पाव्हनीला दिली. पाव्हनी काय गावची चोर हाय का?"

गावकीतली म्हातारी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मुद्दा बिनतोड होता. नामदेवदादांचा मातीतला हात थांबला.

"तू लाव रं नाम्या," मोरीवरून सखूमावशी ओरडल्या. "आनि किशोऱ्या, तू मना शिकवतंस कोनाला शिवी द्याची ते? हिकडं बग. तुझ्या ट्रकाला…"

आणि त्या थांबल्या.

त्यांच्या मागून, त्यांच्याच गावच्या रस्त्याने, सत्संगाला निघालेल्या बायका येत होत्या. एकसारख्या साड्या, हातात पिशव्या. त्यांतल्या पुढच्या बाई मोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खोचलेला पदर पाहिला, बँजो पाहिला, किशोरशेठकडे रोखलेला हात पाहिला. रागावल्या नाहीत. फार मऊ आवाजात म्हणाल्या, "सखूताई, आज बसायचंय ना? की आम्ही पुढं जाऊ?"

दोन वर्षांचा नेम होता, आणि तो मोडल्यावर पुन्हा त्या सगळ्यांमध्ये जाऊन बसायचे म्हणजे काय, हे मोरीच्या दोन्ही बाजूंना सर्वांना ठाऊक होते. सखूमावशींनी त्या बायकांकडे पाहिले. मग पट्टीकडे पाहिले. तिथे रोप अर्ध्या मातीत तिरके उभे होते आणि नामदेवदादा ओंजळ भरून त्यांच्याकडे बघत होते.

"तुमी व्हा फुडं," सखूमावशी बायकांना म्हणाल्या. "मना काय सांगायचं ते मी येऊन सांगंन."

मग त्या वळल्या, पदर पुन्हा घट्ट खोचला आणि राहिलेली शिवी पहिल्यापासून घेतली.

"तुझ्या ट्रकाला, किशोऱ्या, आख्ख्या भिवंडीत वलायला जागा न मिलो."

नामदेवदादांनी ओंजळ रिकामी केली आणि दोन्ही पायांनी माती दाबली.